बिनगिलाव्याचं भवन

सोनाळ्याच्या एसटी थांब्यावर बापानं माझी ट्रंक डोक्यावरून उतरवलीच नाही. गाडी येईस्तोवर तशीच धरून उभा. "बी.ए. झाला बे तू. आता कोनापुढं वाकू नोको," एवढंच म्हणाला.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, मी गेलो तो बुलढाण्याला, नव्या सांस्कृतिक भवनाचा व्यवस्थापक म्हणून. भवन म्हणजे नुसतं नागडं काँक्रीट. ओतकामाच्या फळ्यांचे वळ भिंतीवर तसेच. आर्किटेक्टनं मुद्दामच गिलावा केला नव्हता. मला आवडायचं ते. आमच्यासारखं, आहे तसं उभं. लोकांना मात्र अर्धवट वाटायचं. "गिलावा झाला का येतो," म्हणायचे. आठ महिन्यांत एक लग्न नाही, एक नाटक नाही. शेवटी माझ्या वरच्या साहेबांनी बजावलं, "उन्हाळ्यात कोणी आलं नाही, तर इथं ज्वारीची पोती ठेवू."

मी ठरवलं, बहिणीचं लग्न इथंच लावायचं.

पत्र मिळताच बाप आला. भिंतीवर हात फिरवून म्हणाला, "असल्या घरात पोरीचं लगन लावते का कोनी? सोयरे काय म्हनतीन?"

"बाबा, आता असंच बांधतात."

"कालेजात हेच शिकला काय बे?"

लग्नाच्या आदल्या दिवशी मी सतरंज्या आणायला गेलो. परत येतो तर दर्शनी भिंत पांढरीफेक! बाप आणि दोन्ही काका, हातात कुंचे, अंगभर चुना. हात पोचला तिथवर भिंत पांढरी, वर काँक्रीट. आईनं त्यावर हळदीचे पंजे उमटवलेले. "आता दिसते लगनघर," ती म्हणाली.

साहेब आले ते लालबुंद होऊन. "आत्ता धुवून काढा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

घरातली ती पहिली सरकारी नोकरी. बाप कुंचा धरून माझ्याकडंच पाहत होता.

"धुणार नाही साहेब. उद्या लग्न होऊ द्या, मग माझं काय ते करा."

दुसऱ्या दिवशी अर्धं शहर लोटलं. "भवन पुरं झालं म्हनते," म्हणत आत शिरले, पंगतीलाही बसले. त्याच उन्हाळ्यात आणखी चार लग्नं झाली, एक नाटकही. पोत्यांचा विषय साहेबांनी पुन्हा काढला नाही. चुन्याचाही नाही.

बाप आता नाही. गाव विचारलं की मी आजही सोनाळाच सांगतो. पण दर दिवाळीआधी चुना भिजवतो आणि ती भिंत स्वतः रंगवतो. माझा हात बापापेक्षा वीतभर वर पोचतो. तरी त्याच्या रेघेवर थांबतो.