ताईबरोबर घोडबंदरच्या डोंगरावर

घोडबंदरला एसटीतून उतरले तेव्हा खाडीवर अजून धुकं होतं. सत्तर सालच्या आसपासचा हिवाळा. माझी थोरली बहीण तिथे दिलेली. पावसाळ्यात तिचं तान्हं मूल तापाने गेलं, तेव्हापासून ती विचारल्यापुरतंच बोलायची. "जरा डोंगरावर फिरवून आण तिला, घरात बसून कुढतेय," असं भाऊजींनी मला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही दोघी निघालो. भातखाचरं मागे पडली आणि साग-ऐनाचं रान लागलं. वानरं फांद्या वाकवत पुढे पळत होती. एक धनेश (वाकड्या, अवजड चोचीचा पक्षी) पंखांचा घोंघावता आवाज करत डोक्यावरून गेला. मी बोट दाखवायची, ताई मान हलवायची.

मोळी घेऊन उतरणारी एक बाई आम्हाला बघून थांबली.

"सांभालून जा गो. परवा वाघानं शेली (शेळी) नेली."

"मग परत फिरू का?"

"दिसाचा न्हाय येत तो," म्हणत ती उतरून गेली.

माथ्यावर बसून तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी खाल्ली. खाली खाडी वळणं घेत समुद्राकडे चालली होती, काठाला मिठागरांचे चौकोन चकाकत होते. ताईने अर्धी भाकरी तशीच बांधून ठेवली.

उतरताना एका वळणावर बिबट्या दिसला. वाटेतच उभा, शेपटीचं टोक हलताना दिसावं इतका जवळ. मी पळायला वळले, तोच ताईने माझा दंड धरला.

"पळू नकोस. माझ्या मागे हो."

ती माझ्यापुढे आली, दोन्ही हात पसरले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "जा रे बाबा. आम्हाला घरी जायचंय."

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि सावकाश करवंदीच्या जाळीत शिरला.

ताई मटकन खाली बसली. सुधीर, सुधीर म्हणत रडायला लागली. इतक्या महिन्यांत बाळाचं नाव कुणी काढलं नव्हतं.

"त्याच्या वेळी समोर अडवायला कुणी दिसतच नव्हतं गं," ती म्हणाली. "नुसता ताप."

मी तिच्याजवळ बसून राहिले.

घरी भाऊजींनी विचारलं, "काय काय दिसलं मग?" मी तोंड उघडणार, तोच ताईने सांगायला सुरुवात केली. वानरं, धनेश, बिबट्या आणि शेवटी सुधीर. भाऊजी खाली मान घालून ऐकत होते. मग त्यांचेही डोळे भरून आले.

परतीच्या एसटीतून डोंगर बराच वेळ दिसत राहिला. ताईचं दुःख मी तिथे सोडून आले असं मला वाटलं नाही. पण आता ते दोघं मिळून आपल्या बाळाविषयी बोलत असतील, या विचाराने जरा हलकं वाटलं.