मध्यरेषेला आंबेमोहोर

आमच्या ह्यांनी आयुष्यात तीन गोष्टींवर प्रेम केलं: कुटुंब, समाज आणि कबड्डी. हे मी म्हणत नाही. जुईनगरच्या आमच्या सोसायटीने ह्यांचा सत्कार केला तेव्हा सेक्रेटरी म्हणाले. मी पहिल्या रांगेत, ह्यांची शाल आणि श्रीफळ मांडीवर घेऊन बसले होते. कुटुंबाला कुणी बोलायला बोलावलं नाही, म्हणून इथे लिहिते.

हे साताऱ्याकडच्या एका छोट्या गावचे. तिथे शाळेच्या मैदानावर गुडघे फोडून घेतले आणि नव्वदच्या सुमारास तेच गुडघे घेऊन नवी मुंबईत आले. तुर्भ्याला कारखान्यात नोकरी, आणि उरलेल्या वेळात लोकांची कामं. कुणाची टाकी वाहतेय, कुणाला हॉस्पिटलात न्यायचंय, दार वाजायचं ते आमचंच. आमच्या घरातला बल्ब मात्र मी स्टुलावर चढून बदलायची. (स्टूल धरायला नंदा, माझी धाकटी नणंद. ती आमच्याकडेच असायची.)

ह्यांच्या कबड्डी मंडळाला ऑफिस नव्हतं. म्हणजे होतं, माझ्या ओट्याखाली! शिट्ट्या, गुडघ्याचे पट्टे, मलमांच्या ट्यूब आणि मैदान आखायची फक्की, म्हणजे ती चुन्याची पांढरी भुकटी. एकदा फक्कीची पिशवी फाटून घरभर पांढरं झालं, तेव्हा ह्यांनी ती माझ्या तुपाच्या रिकाम्या डब्यात भरली. मला न विचारता. शेजारीच तसाच दुसरा डबा होता, आणि त्यात मोदकाची पिठी होती.

आता पिठीचं सांगते. आम्ही देशावरचे, आमचे मोदक कणकेचे आणि तळलेले. पण नंदाला बघायला कोपरखैरण्याहून जे येणार होते ते मूळचे रत्नागिरीकडचे. मुलाच्या आईला संकष्टी होती. उपास त्या आमच्याकडेच सोडणार होत्या, आणि निरोप आला होता की त्यांना उकडीचेच मोदक लागतात. निरोप गोड होता, पण परीक्षा आहे हे मला कळत होतं. आधीच्या दोन्ही ठिकाणांनी नंदाला बघून ‘कळवतो’ म्हटलं होतं आणि कळवलं नव्हतं. ह्या मुलाचा फोटो मात्र पोरीने कपाटातून इतक्या वेळा बाहेर काढला होता की त्याची कड दुमडली होती. म्हणून मी खालच्या मजल्यावरच्या सावंतकाकूंकडे शिकले. आंबेमोहोर धुतला, सावलीत वाळवला, गिरणीत उभं राहून दळून आणला.

आणि त्याच रविवारी ह्यांची शिरवण्याच्या संघाशी फायनल! मी आधी विचारलं होतं, "रविवार मोकळा आहे ना?" हे म्हणाले होते, "एकदम मोकळा."

दुपारी मी पाणी उकळलं, तूप-मीठ घातलं, डबा उघडून पीठ वैरलं. वाफेला तांदळाचा वास येईना. दिवाळीच्या आधी भिंती पांढऱ्या करतात तसला वास येऊ लागला. नंदाने वाकून बघितलं.

"वहिनी, ही फक्की आहे."

"मग पिठी कुठाय?"

दोघींनी एकदमच गॅलरीतून खाली बघितलं. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर मैदान इतकं सुबक आखलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. रेषा कशा शुभ्र, एकसारख्या. त्यांच्या कडेने कुणाच्यातरी कोंबड्या ओळीने चालल्या होत्या, आणि त्या चालत होत्या तिथून मैदान पुसलं जात होतं.

आम्ही खाली पोचलो तोवर खेळ थांबला होता. आमचा गडी चढाईवरून परत येत होता, पण त्याला शिरवणेकरांनी धरलं तेव्हा त्याचा हात मध्यरेषेला लागला की नाही, ह्यावर दोन्ही संघ पंचांना घेरून उभे होते.

"लागला, लागला!" आमचे हे.

"कशाला लागला?" शिरवण्याचा कप्तान शांतपणे म्हणाला. "रेष हाय कुठं? ती तर कोंबडीच्या पोटात हाय."

मी ह्यांना बाजूला ओढलं आणि काय घडलंय ते सांगितलं. ह्यांनी आपले तळहात उलटसुलट करून बघितले. मग म्हणाले, "अगं, तरीच म्हटलं आज हाताला चुना झोंबला नाही." माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते लिहिण्यासारखं नाही.

तेवढ्यात रिक्षा थांबली आणि पाहुणे उतरले. नंदा तेव्हा बघण्याची नवी साडी कमरेला खोचून, हातात ह्यांची चप्पल घेऊन, कोंबड्या हाकत होती. हे धावत गेले. वाटलं, माफी मागतील. ह्यांनी इस्त्रीच्या कपड्यातल्या त्या मुलाचा दंड धरला. "बरं झालं आलात. तुम्ही बाहेरचे, दोन्ही बाजूंचे नाही. आता इथे रेषेवर उभे राहा आणि खरं ते सांगा."

मुलगा उभा राहिला. त्याची आई मात्र खाली वाकली, उरलेल्या रेषेची चिमूट घेऊन बोटांत चोळली आणि थेट माझ्याकडे बघितलं.

"आंबेमोहोर?"

"हो."

"मग मोदक कशाचे?"

"कणकेचे," मी म्हटलं. "तळून."

"आमच्यात संकष्टीला तळणीचे करत नाहीत."

संपलं, असं मला वाटलं. त्यात पुढच्या चढाईला मुलाने आमचाच गडी बाद दिला आणि आम्ही एका गुणाने हरलो. नंदाचं तोंड एवढंसं झालं. हे मात्र खूश! "मुलगा खरा आहे," असं येईल त्याला सांगत सुटले.

चंद्र दिसल्यावर मुलाच्या आईने उपास सोडला. आमच्यात तळणीचे करत नाहीत, हे त्यांनी तिसरा मोदक घेताना पुन्हा सांगितलं. निघताना मुलगा ह्यांना हळूच म्हणाला, की त्याला ‘कळवतो’ म्हणायचं नाही, आत्ताच सांगायचंय. जी मुलगी नव्या साडीत कोंबड्यांशी लढते तिच्याबद्दल घरी जाऊन विचार तो काय करायचा?

लग्न झालं. सत्कारात सेक्रेटरी म्हणाले, ह्यांनी बहिणीचं लग्नसुद्धा मैदानावर जमवलं. टाळ्या पडल्या. तळणाच्या कढईसमोर कोण उभं होतं, त्याचा उल्लेख नाही!

बरं, पिठी तरी सुटावी? तीही नाही. त्या सामन्यानंतर पोरं म्हणू लागली की चुना खरचटलेल्या जागी झोंबतो, वहिनींची रेष झोंबत नाही. तेव्हापासून दर फायनलला मैदान पिठीने आखतात, आणि कोंबड्यांवर लक्ष ठेवायला दोन माणसं बसवतात. गेल्या वर्षी हे म्हणाले, साधा जाडा तांदूळ दळला तरी चालेल, उगाच त्रास नको. मी चांगलीच तडकले. म्हटलं, मुळीच नाही. आंबेमोहोरासारखी रेष दुसऱ्या कशाची उमटते का?