बरडावरचा तणमोर

पक्ष्यांबद्दल मी आजवर भरपूर बोललो. शाळेत, लग्नघरात, रेल्वेच्या डब्यात, कोणी विचारलं नाही तरी. एका तणमोराबद्दल मात्र तोंड उघडलं नाही. विषय तिकडे वळला की मी सारसांवर यायचो.

मी आणि माझा मित्र आमगावच्या एकाच शाळेत शिक्षक. तो गणिताचा, मी मराठीचा. दिवाळी आटोपली, बांध्यांमध्ये कापलेल्या धानाच्या कडपा पडल्या, की रविवारी पक्षी बघायला सायकली काढायच्या. बाकीचे हौशी लोक तलावांकडे जात, आम्ही बरडावर. मुरमाड, कोरडी जमीन आणि गुडघाभर वाळलेलं गवत. बहुतेक वेळा टिटव्या बघून परत येत असू.

दोन हजार तीन-चार साल असेल. त्या सकाळी नागपूरचे दोन जाणकार सोबत होते. ते मागे शेताच्या धुऱ्यावर चहा ओतत होते, तेवढ्यात गवतातून एक मान वर आली. कोंबडीएवढा पक्षी, उंच उघडे पाय, अंगावर काळ्या रेघा. वाकून थोडा चालला आणि बसला. मित्राने माझा दंड दाबला. आमच्या दोघांच्या दुर्बिणी एकाच जागी होत्या.

"तणमोर," तो पाहुण्यांना म्हणाला. "मादी."

"इकडे तणमोर? सर, लांडोरीचं पिल्लू असेल," त्यातले वयस्कर हसले आणि माझ्याकडे वळले. "तुम्ही पाहिलंत?"

आमच्यात रीत अशी की दुर्मिळ पक्षी एकट्याने पाहिला तर तो नोंदीत धरत नाहीत, सोबत्याचा होकार लागतो. माझ्या एका शब्दाचं काम होतं. पण ते हसू अजून त्यांच्या तोंडावर होतं, आणि ते माझ्या वाट्याला नको होतं.

"मला नीट दिसलं नाही," मी म्हणालो.

मित्र माझ्याकडे बघत राहिला. दुपारपर्यंत गवत पालथं घातलं. काही उठलं नाही.

पुढे शिक्षकांच्या खोलीत त्याला, "काऊन सर, लांडोरीनं अंडं देल्लं का?" हे रोजचंच झालं. तोही हसायचा. पण दर वर्षी दिवाळीनंतर एकटाच बरडावर जायचा. "एकडाव दिसला पायजे," म्हणायचा. मी गुडघ्याचं कारण सांगायचो. मग मुरूम नेणाऱ्यांनी अर्धं बरड खोदून नेलं, आणि काचबिंदूने त्याचे डोळे नेले.

त्यानंतरच्या एका दिवाळीत त्याच्याकडे गेलो. अंगणात खाटेवर बसला होता. घरातून चहा आला.

"बरडावर गेलता का?"

"नाही."

"मी लय विचार केला बा," तो म्हणाला. "तूच खरा होता. पिल्लूच असन ते. माझ्यापायी तुले पाहुण्यांसमोर खाली पाहा लागलं. माफ कर."

तणमोरच होता, मीही पाहिला होता, माफी मी मागायची आहे. एवढंच म्हणायचं होतं.

"चहा थंड होऊन राहिला," मी म्हणालो. कप त्याच्या हातात दिला, आणि त्याची बोटं कपाच्या कानात नीट अडकली का ते पाहत बसलो.