गोलकीपर अजून उठलेला नाही

सत्तरच्या दशकात मी दोन ठिकाणी काम करायचो. सीताबर्डीवरच्या एका मराठी दैनिकात खेळाचं पान माझ्याकडे होतं आणि दर सोमवारी माझं सदर यायचं. शिवाय गावात मोठा सामना असला की रेडिओवर मराठीतून कॉमेंट्री करायचो. आमच्या संपादकांना हे फारसं रुचत नसे. "वाचकाला सकाळी जे द्यायचं, ते तुम्ही आदल्या संध्याकाळीच हवेत सोडून देता," असं ते म्हणत. म्हणून मी कामाची वाटणी करून घेतली होती. काय झालं ते रेडिओवर सांगायचं, का झालं ते सदरात लिहायचं. बरीच वर्षं या वाटणीवर माझं ठीक चाललं होतं.

माझा धाकटा भाऊ गावाबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाला होता आणि एका क्लबकडून फुटबॉल खेळायचा. गोलकीपर होता. त्या वर्षी त्याचा क्लब फायनलला आला आणि फायनलची कॉमेंट्री माझ्याकडे आली. जेवताना तो म्हणाला, "दादा, रेडिओवर माह्यं नाव नको घेत बसू. लोक म्हनतीन, घरचा हाय म्हनून कौतुक करून राहिला."

"मग काय म्हणू?"

"नुसतं गोलकीपर म्हन."

बाबा गिरणीतून नुकतेच आले होते. ते हसून म्हणाले, "अन् तुह्याकडं बॉलच नाही आला तं?"

सामना शनिवारी दुपारी होता. मैदानाच्या मध्यरेषेजवळ कापडी मांडवात एक टेबल, एक माईक आणि आम्ही दोघं. थोडा वेळ हिंदी, थोडा वेळ मराठी, अशी पाळी असायची. हिंदीवाले गृहस्थ माझ्याहून वयाने मोठे होते आणि गोलमध्ये कोण उभा आहे हे त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या हाफमध्ये माझी पाळी चालू असताना मधला बचावपटू घसरला. समोरचा फॉरवर्ड चेंडू घेऊन एकटाच आत शिरला. भाऊ गोल सोडून पुढे धावला आणि त्याच्या पायात झेपावला. चेंडू त्याने धरला. फॉरवर्डचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला.

हे सगळं मी जसं घडलं तसं सांगितलं. मग खेळाडू त्याच्याभोवती जमले आणि मला काही दिसेनासं झालं. रेडिओवर गप्प बसता येत नाही. आवाज थांबला की ऐकणाऱ्याला वाटतं, सेट बिघडला. म्हणून मी बोलत राहिलो. अजून एकही गोल झालेला नाही, प्रेक्षक उभे राहिले आहेत, पंचांनी डॉक्टरांना आत बोलावलं आहे. गोलकीपर अजून उठलेला नाही. हिंदीवाल्यांनी माईक घ्यायला हात पुढे केला. मी मानेनेच नको म्हटलं. काहून, ते मला आजही सांगता येत नाही. चौघांनी त्याला एका बाकड्यावर घालून बाहेर नेलं, तेही मी सांगितलं. बदली गोलकीपर आत आला, त्याची उंची सांगितली. पाळी संपल्यावर माईक दिला आणि उठलो. भावाला घेऊन गेलेली जीप तोवर दिसेनाशी झाली होती.

मोठ्या सरकारी दवाखान्यात तो बेशुद्ध होता. बाबा आधीच पोचले होते. क्लबच्या एका माणसाने त्यांना गिरणीच्या फाटकावर गाठलं होतं. आईला आणायला मी घरी गेलो. ती चुलीपुढे बसून भाकरी करत होती. शेजारच्या खोलीत रेडिओ अजून चालू होता.

"तू ऐकलं नाहीस?" मी विचारलं.

"ऐकलं ना. पडला म्हने तो. कुठं हाय? संग नाही आला?"

"दवाखान्यात आहे. चल."

तिने तवा उतरवला. वाटेत रिक्षात ती म्हणाली, "तुह्या आवाजात काई फरकच नोता गा. म्हनून मले वाटलं, लय लागलं नसन." ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही.

रविवारी दुपारी मी ऑफिसात गेलो. संपादक म्हणाले, "सदर राहू द्या, जुना मजकूर टाकू." मी म्हटलं, लिहितो. बसलो आणि लिहिलं. बचावफळी फार पुढे सरकली होती, मध्ये मोकळी जागा पडली होती, तिथूनच फॉरवर्ड आत आला. मग एक वाक्य लिहिलं: अशा वेळी गोलकीपरने गोल सोडून पुढे येणं बरोबर होतं. लिहिताना हात नेहमीसारखाच चालत होता.

सोमवारी दवाखान्याच्या व्हरांड्यात बाबांनी तो पेपर वाचला. घडी घालून मांडीवर ठेवला.

"बरोबर होतं ना त्याचं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"लिहाचं म्हनून नाही ना लिहिलं?"

"नाही. तिथे दुसरं काही करताच आलं नसतं."

त्यांनी मान हलवली. मंगळवारी सकाळी भाऊ गेला. शुद्धीवर आलाच नाही. भन्तेजी आले, त्रिशरण झालं, क्लबची सगळी मुलं पांढरे सदरे घालून घाटावर आली. तो फॉरवर्डही आला होता. तो लांब उभा राहून रडत होता. बाबांनी त्याला जवळ बोलावून खांद्यावर हात ठेवला. मी ते पाहत होतो, बाकीचं सगळं पाहत होतो तसंच.

पुढे रेडिओचे एक अधिकारी घरी भेटायला आले. जाताना दारात म्हणाले, "आवाज जराही ढळला नाही तुमचा." मी आभार मानले. पुढच्या हंगामात त्यांनी बोलावलं आणि मी गेलो. सदरही चालू राहिलं. लोक म्हणत, मन घट्ट आहे. तसं काही नव्हतं. सामना आला की बोलायचो, सोमवार आला की लिहायचो. आत काय आहे ते पाहायला मी कधी वाकलो नाही.

मग घरोघरी टीव्ही आले आणि रेडिओची बोलावणी कमी होत गेली. एका वर्षी आलीच नाहीत. त्या वर्षी मैदानावर फायनल चालू असताना मी घरीच होतो. आईने विचारलं, "आज जाचं नाही?"

"बंद झालं ते."

"बरं," ती म्हणाली. "मंग जेवून घे. गरम हाय."

मी पाटावर बसलो आणि जेवलो.