परबांच्या हाताने लिहिलेला बिघाड

शिरीष परब यांना कॅसिनोकडून आलेलं अडतिसावं ई-मेल ‘प्रिय अतिथी’ असं सुरू झालं आणि ‘आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत’ असं संपलं. मधल्या दोन ओळींत काही नव्हतं. मस्कतच्या बौशर भागातल्या एका मॉलच्या पार्किंगमध्ये, गाडीचा एसी चालू ठेवून परबांनी ते दोनदा वाचलं. तेवढ्यात त्यांच्या पत्नी नयना भाजीच्या पिशव्या घेऊन आल्या.

“संयम माझा, आभार त्यांचे,” परब म्हणाले. “आणि पैसे कुणाचे?”

“मागचं दार उघडा आधी,” नयना म्हणाल्या. “कोथिंबीर चेपतेय.”

पैसे एकेचाळीस लाख साठ हजार रुपये. ते परबांचे की कॅसिनोचे, हा वाद तोवर साडेदहा महिने चालला होता.

परब एक्कावन्न वर्षांचे आहेत. गाव कुडाळजवळ. रत्नागिरीला इन्स्ट्रुमेंटेशनची पदविका घेतली, लोट्याच्या एका रासायनिक कारखान्यात नऊ वर्षं काढली आणि २००६ मध्ये ओमानला आले. सोहार औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात दाब, तापमान आणि प्रवाह मोजणाऱ्या साडेचारशे उपकरणांची जबाबदारी त्यांच्याकडे आहे. कुठला काटा खरं बोलतो आणि कुठला खोटं, हे ठरवणं हे त्यांचं काम. नयना मस्कतमधल्या एका भारतीय शाळेत शिकवतात, मुलगी देविका बारावीत आहे. त्या दोघी मस्कतच्याच अल खौद भागात राहतात. परब कंपनीच्या क्वार्टरमध्ये. गुरुवारी संध्याकाळी दोनशे किलोमीटर गाडी चालवून यायचं, शनिवारी संध्याकाळी तेवढीच चालवून परत जायचं. नऊ वर्षं हा क्रम आहे आणि परबांना त्याचा मनस्वी कंटाळा आला आहे. रत्नागिरीतल्या फ्लॅटचं सत्तावीस लाखांचं कर्ज फिटलं असतं, तर या जुलैअखेर संपणारा नोकरीचा करार त्यांनी पुढे वाढवला नसता. जॅकपॉटमधून कर वजा जाता साडेअठ्ठावीस लाख उरत होते. हिशेब इतका सरळ होता.

परब जुगारी नाहीत. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये सुट्टीवर असताना नयनांचा धाकटा भाऊ रुपेश चाळीस वर्षांचा झाला आणि त्याने हट्टाने सगळ्यांना पणजीला, नदीत नांगरलेल्या कॅसिनोच्या बोटीवर नेलं. दुपारची वेळ होती. प्रवेशाच्या तिकिटाबरोबर खेळायची कूपन्स मिळाली. नयना जेवणाकडे गेल्या. परब एका कोपऱ्यातल्या स्लॉट मशीनसमोर बसले, कारण तिथे खुर्चीला पाठ होती.

चौदाव्या खेळाला मशीनचे दिवे लागले, भोंगा वाजला आणि वरच्या पट्टीवर ४१,६०,००० हा आकडा उभा राहिला. त्याच वेळी तीन चक्रांपैकी मधलं चक्र दोन चित्रांच्या मध्येच अडकलं. अर्धं चित्र वर, अर्धं खाली. मशीन लॉक झालं.

रुपेश ओरडत आला. कॅसिनोचा माणूस आला, मग त्याचा वरिष्ठ आला. वरिष्ठाने परबांपुढे एक कागद ठेवला. नाव, पत्ता, मशीनचा क्रमांक आणि सही, एवढंच हवं होतं. खाली ‘अन्य माहिती, असल्यास’ असा चौकोन होता. तो रिकामा सोडला असता तर पुढचं बरंचसं टळलं असतं.

पण परब ज्या कारखान्यात काम करतात तिथे सहा वर्षांपूर्वी जमिला नावाच्या ओमानी सुरक्षा-प्रमुख आल्या आणि त्यांनी एक नियम घालून दिला. बिघाड ज्याने पाहिला त्यानेच अहवाल लिहायचा, स्वतःच्या हाताने, अर्ध्या तासाच्या आत. काय दिसलं, कारण काय असावं आणि दुरुस्ती होईपर्यंत कशावर विसंबू नये, अशा तीन ओळी. लिहिणाऱ्यावर कधीही ठपका येणार नाही. उलट महिन्यातल्या उत्तम अहवालाला बक्षीस. परबांच्या अल खौदच्या घरात या बक्षिसांतून आलेले दोन टॉवेलचे संच, एक टोस्टर आणि एक इस्त्री आहे. आता कारखान्यात कुणाला रिकामा चौकोन दिसला की तो भरल्याशिवाय राहवत नाही.

परबांनी खिशातलं पेन काढलं.

“भावोजी, कित्याक लिवतास?” रुपेश म्हणाला. “पेन ठेवा खाली. आधी फोटो काढू.”

“तू काढ फोटो. मी दोन ओळी लिहितो.”

त्यांनी तीन लिहिल्या. मधलं चक्र स्थानावर न थांबता अडकलं. चक्राची जागा वाचणाऱ्या सेन्सरमध्ये बिघाड असावा. तपासणी होईपर्यंत दर्शवलेल्या रकमेवर विसंबू नये. खाली सही, तारीख, वेळ आणि, कुणी मागितलेला नसताना, हुद्दा.

वरिष्ठाने कागद वाचला, परबांकडे पाहिलं, पुन्हा वाचला. मग अतिशय आदराने त्यांना जेवणाची चार कूपन्स दिली आणि सात कामकाजाच्या दिवसांत कळवतो म्हणून सांगितलं.

सात दिवसांत काही कळलं नाही. परब ओमानला परतले. पहिलं उत्तर ऑक्टोबरमध्ये आलं: मशीनवर लावलेल्या सूचनेनुसार बिघाड झाल्यास सर्व खेळ आणि सर्व बक्षिसं रद्द, खेळाचे दोनशे रुपये परत मिळतील, बँकेचा तपशील द्यावा. परबांनी मशीनच्या अंतर्गत नोंदी मागितल्या. उत्तर देणारा माणूस बदलला. नव्याने सगळं पहिल्यापासून विचारलं. परबांनी पाठवलं. माणूस पुन्हा बदलला.

फोन करणं आणखी कठीण होतं. ओमानमध्ये जुगाराला बंदी आहे. कारखान्यात या प्रकरणाचा उच्चार करणं शक्य नव्हतं. परब पार्किंगमध्ये जाऊन बोलत. कॅसिनोचा तक्रार विभाग शुक्रवारी ‘शनिवारी करा’ म्हणायचा आणि शनिवारी ‘सोमवारी करा’. सोमवारी परबांना शिफ्ट असे. लेखा विभागातल्या अरहमने त्यांना उन्हात येरझाऱ्या घालताना पाहिलं आणि विचारलं, तेव्हा परबांनी विम्याचा दावा अडकलाय असं सांगून टाकलं.

“इन्शुरन्सवाले सब ऐसे ही हैं, परब भाई,” अरहम म्हणाला. “आपने फॉर्म में कुछ ज़्यादा तो नहीं लिख दिया?”

परबांनी विषय बदलला.

जानेवारीत त्यांनी पणजीच्या वकील शैला प्रभुदेसाई यांना गाठलं. बाईंनी कागदपत्रं पाहून व्हिडिओ कॉल केला. पैजेच्या पैशासाठी दावा लावणं मुळातच अवघड, कॅसिनोला परवाना आहे म्हणून थोडी फट आहे, असं त्यांनी सांगितलं. मग परबांनी बोटीवर भरलेला तो कागद कॅमेऱ्यासमोर धरला.

“हे तुमचंच अक्षर ना?”

“हो.”

“तुम्हाला दमदाटी झाली? दारू पाजली?”

“नाही हो. मी लिंबू सरबत घेतलं होतं.”

“परब, मी तेवीस वर्षं वकिली करतेय. समोरच्या पक्षाला इतका चांगला साक्षीदार कुणी फुकट दिलेला मी पाहिला नाही.”

देविका मागे पाण्याची बाटली भरत होती. तिचं मराठी अडखळत चालतं, पण नेमकं लागतं. “बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही ना, तुमच्या अगेन्स्ट स्वतःच कम्प्लेंट केली.”

नयना हसल्या. परब हसले नाहीत.

वकिलांच्या नोटिशीनंतर, मे महिन्यात, कॅसिनोने अखेर मशीनच्या नोंदी पाठवल्या. चोवीस पानं, नुसते आकडे आणि संकेत. कुणी वाचणार नाही अशा खात्रीनेच त्या पाठवल्या असाव्यात. परबांनी शुक्रवारी सकाळी चहाबरोबर जेवणाच्या टेबलावर त्या पसरल्या आणि दुपारपर्यंत कुणाला टेबलावर ताट ठेवू दिलं नाही. मशीन बनवणाऱ्या कंपनीची संकेतांची यादी त्यांनी इंटरनेटवरून आधीच उतरवून घेतली होती.

स्लॉट मशीनमध्ये निकाल चक्रं ठरवत नाहीत. आतला संगणक बटण दाबताच निकाल ठरवतो; चक्रं तो नुसता दाखवतात. नोंदीत ३ वाजून ५२ मिनिटं ७ सेकंदांना निकाल निश्चित झाला होता: सर्वोच्च बक्षीस. नवव्या सेकंदाला मधल्या चक्राच्या जागेचा मेळ बसला नाही. दहाव्या सेकंदाला मशीन लॉक. म्हणजे परब आधी जिंकले होते आणि चक्र नंतर अडकलं होतं. मध्ये दोन सेकंद.

“म्हणजे तुम्ही लिहिलेलं बरोबर होतं की चूक?” नयनांनी विचारलं.

“पहिल्या दोन ओळी बरोबर. सेन्सरच गेला होता.”

“आणि तिसरी?”

“तिसरी मी न मोजता लिहिली.”

“शाबास,” नयना म्हणाल्या. “आता पानं उचला. आमटी गार होतेय.”

परबांनी त्या संध्याकाळी सुधारित अहवाल तयार केला. कारखान्यात तशी पद्धत आहे: मूळ अहवाल तसाच ठेवायचा, वर सुधारणा क्रमांक एक असं लिहायचं आणि पुरावा जोडायचा. कॅसिनोने आठ दिवसांत कळवलं, इतक्या वेगाने त्यांनी कधीच काही कळवलं नव्हतं, की घटनेच्या दिवशीचं निवेदनच ग्राह्य धरलं जातं. नंतरची निवेदनं स्वीकारण्याची त्यांच्याकडे पद्धत नाही. त्यानंतर बौशरच्या पार्किंगमधलं ते ‘प्रिय अतिथी’ आलं.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात शैलाबाईंचा फोन आला. नोंदींमुळे कॅसिनो जरा नरमला होता. सद्भावना म्हणून अडीच लाख रुपये द्यायला तयार होता. जबाबदारी न स्वीकारता, संपूर्ण आणि अंतिम. मुदत रविवार दुपारपर्यंत.

“घ्या,” शैलाबाई म्हणाल्या. “खटला उभा राहायलाच चार वर्षं जातील. पुढचं मी सांगू शकत नाही.”

“घ्या,” नयना म्हणाल्या.

“घेऊन टाका, भावोजी, नि मोकळे व्हा,” रुपेशने कुडाळहून कळवलं.

परब घ्यायला तयार होते. अडीच लाखांत करार टळत नव्हता, पण कर्जाचे काही हप्ते सुटत होते आणि मुख्य म्हणजे ही कटकट सुटत होती. शनिवारी सकाळी करारपत्राचा मसुदा आला. दोन पानं. त्यांनी पेन हातात घेऊन वाचला. चौथ्या कलमात लिहिलं होतं: मशीनमध्ये बिघाड झाला होता व कोणतंही बक्षीस लागलं नव्हतं, हे ग्राहक आपल्या तांत्रिक ज्ञानाच्या आधारे मान्य करत आहे.

परबांनी पेनाला टोपण लावलं.

“काय झालं आता?” नयनांनी विचारलं.

“बिघाड झाला होता हे मान्य. बक्षीस लागलं नव्हतं हे खोटं आहे. आकडे आहेत माझ्याकडे.”

“अहो, कोण विचारतंय तुमचे आकडे? एक सही. अडीच लाख. गेल्या ऑगस्टमध्ये कुणी मागितलं नव्हतं तेव्हा लिहून दिलंत, आता सगळे हात जोडतायत तर सही करत नाही?”

“तेव्हा मला माहीत नव्हतं.”

“आणि आता माहीत आहे म्हणून पैसे सोडायचे?”

“हे एक वाक्य काढलं तर आत्ता करतो.”

त्यांनी शैलाबाईंना फोन केला. बाईंनी कॅसिनोला केला. तासाभराने उत्तर आलं की मसुदा ठरलेला असतो, त्यात फेरफार होत नाहीत. परबांनी विचारलं, ‘तांत्रिक ज्ञानाच्या आधारे’ हे शब्द सगळ्यांच्याच मसुद्यात असतात का? शैलाबाई म्हणाल्या, “नाही. ते तुमच्यासाठी घातलंय.”

“मग बदलता येतं की.”

“परब, माझी फी तुम्ही दिलेली आहे म्हणून सांगते. सही करा नाहीतर विसरून जा. मला परत फोन करू नका.”

नयना त्या दिवशी त्यांच्याशी बोलल्या नाहीत. देविकाने आईची बाजू घेतली, मग बाबांची, मग कानात हेडफोन घातले. संध्याकाळी परब नेहमीच्या वेळी सोहारला निघाले. रविवारी दुपारी मुदत संपली तेव्हा ते बॉयलरच्या दाबमापकाजवळ उभे होते.

सोमवारी मनुष्यबळ विभागाने कराराच्या मुदतवाढीचं पत्र टेबलावर ठेवलं. दोन वर्षं, पगारात चार टक्के वाढ. परबांनी ते उभ्यानेच वाचलं आणि परत दिलं. वार्षिक रजा पस्तीस दिवसांची ठरली होती, पत्रात तीस होती. विभागातला ओवेस म्हणाला, “सर, साइन कर दीजिए ना, मैं बाद में ठीक करवा दूँगा, इन्शाल्ला.”

“पहले ठीक करवाओ,” परब म्हणाले.

पत्र मस्कतला गेलं, तिथून कुणाच्या तरी सहीसाठी दुबईला गेलं. ते दुरुस्त होऊन यायला नऊ दिवस लागले. जुना करार संपायच्या आदल्या दिवशी परबांनी त्यावर सही केली.