पडद्यावरचा थिजलेला आकडा

नंदेसरी औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कारखान्यात मी सर्व्हर सांभाळत होते. रिअॅक्टरचं, म्हणजे रसायनं तयार होतात त्या टाक्यांचं, तापमान आणि दाब तीन सर्व्हर मिळून गोळा करायचे आणि कंट्रोल रूमच्या पडद्यावर दाखवायचे. एक पडला तर दुसऱ्यानं काम उचलायचं. पण त्या आठवड्यात भलतंच सुरू झालं. तिन्ही चालू असायचे, मध्येच त्यातल्या एकाचा संपर्क तुटायचा आणि मी बघायला बसेपर्यंत पुन्हा जुळलेला असायचा. केबल बदलल्या, स्विच बदलला. काही उपयोग नाही.

एका दुपारी कंट्रोल रूममधून काकांचा फोन आला. काका तिथले जुने ऑपरेटर, हरणी भागातल्या आमच्याच सोसायटीतले.

"बेटा, हा तापमानाचा आकडा मघापासून हललाच नाही. खरा आहे की जुना?"

सर्व्हर बंद पडलेला नसल्यानं दुसरा त्याचं काम उचलत नसे, आणि संपर्क तुटला तरी पडदा कोरा होत नसे. शेवटचा आकडा तसाच दिसत राही. आणि आत रिअॅक्टरमधल्या मालाची बॅच निम्म्यावर आली होती; तापमान हाताबाहेर गेलं असतं तर पडद्यावर कळलंही नसतं.

मी लॅपटॉप घेऊन धावले. काकांनी तोवर एका माणसाला वॉकीटॉकी देऊन रिअॅक्टरवरच्या मीटरपाशी उभं केलं होतं. तो मीटरवरचा आकडा वाचून सांगत होता आणि तो आकडा पडद्यावरच्यापेक्षा जास्त होता. काकांनी थंड पाण्याचा व्हॉल्व्ह आणखी उघडायला लावला.

तेवढ्यात प्रॉडक्शन हेड आले. "बेन, केटला दिवसथी चेक ज करो छो! किती दिवस नुसतं तपासणार? बाजूच्या रिअॅक्टरमध्ये माल भरायचाय."

"भरू नका, साहेब," मी म्हटलं. "पडद्यावर भरवसा ठेवता येत नाही."

"जबाबदारी कोणाची?"

"माझी."

ते माझ्या मागेच उभे राहिले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मी पुन्हा पुन्हा तपासत होते. संपर्क तुटलेल्या सर्व्हरच्या नेटवर्कवरच्या पत्त्यावर कोण उत्तर देतंय ते पाहिलं, आणि या वेळी उत्तर देणारं यंत्र आमचं नव्हतंच. दुसऱ्याच कुठल्या तरी यंत्राला तोच पत्ता दिलेला होता. स्विचवरून माग काढला तर तो थेट गेटपाशी, वजनकाट्याच्या खोलीत पोचला. कंत्राटदारानं तिथे नवा कॉम्प्युटर बसवला होता. ट्रक आला की तो जागा व्हायचा, ट्रक गेला की झोपायचा. जागा असेपर्यंत आमच्या सर्व्हरचे आकडे अडायचे.

मी उन्हातून पळत गेले आणि त्याची केबल उपटली.

"अरे बेन, गाडी काट्यावर ऊभी छे!" तिथला क्लार्क ओरडला.

मी फोन कानाला लावला. "काका, आकडा?"

पलीकडून नुसता पंपांचा आवाज येत होता.

"काका!"

"थांब गं. मीटरशी ताडून बघतोय." मग जरा वेळानं, "हलला. दोन्ही जुळतायत. उतरतंय तापमान."

मी तिथेच काट्याच्या कठड्यावर बसले. क्लार्कनं न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

प्रॉडक्शन हेडनी बाजूची बॅच दुसऱ्या दिवसापर्यंत रोखली. प्लांटचं नेटवर्क बाकी कारखान्यापासून वेगळं करायची माझी मागणी वर्षभर पडून होती. ती त्यांनीच मंजूर करून आणली. आता संपर्क तुटला की पडद्यावरचा आकडा लाल होतो. ते मात्र काकांनी सुचवलं.