नसलेल्या राज्याचे आमदार

किस्से म्हणजे गोठ्यातलं शेण. रोज थोडं थोडं पडतं, कोणी बघत नाय, आणि एक दिवस पाय ठेवायला जागा उरत नाय. मग काढूनच टाकावं लागतं. ज्याला वास येईल त्यानं लांब बसावं!

दोन हजार सालानंतरची गोष्ट. शहापूरच्या स्टँडामागं माझा एक गाळा आहे. पुतण्या प्रकाशनं त्यात सायबर कॅफे टाकला. गाळा माझा, म्हणून कोपऱ्यातली खुर्चीही माझी. संध्याकाळी तिथं रिटायर झालेले विशे गुरुजी यायचे. ते आणि कॅफेत कामाला असलेली मंदा, दोघं कॉम्प्युटरवर एक खेळ खेळायची. खेळ म्हणजे एक खोटं राज्य. पुणं, नागपूर, कुठून कुठून माणसं त्यात शिरायची, लिहून लिहून भांडायची, कायदे करायची. राज्यात प्रांत, प्रत्येक प्रांताची आपली सभा. आमच्या प्रांताचं नाव डोंगरपट्टा. आणि त्याची मुख्यमंत्री कोण? मंदा!

"हे राज्य आहे कुठं?" मी विचारलं.

"कुठंच नाय, काका."

"मग झकास. बांधावरनं भांडण झालं तरी मोजणीवाला बोलवायला नको!"

त्याच दिवशी त्यांनी मला आमदार केलं. मी बोलायचं, मंदानं टाइप करायचं.

*

मंदा जवळच्या शेणवे गावातली सून. घरात सासूपुढं तिचा आवाज निघत नसे. इथं मात्र रोज कोणीतरी विचारायचं, "यावर मुख्यमंत्र्यांचं मत काय?" आणि पोरीचं तोंड उजळायचं. सहाला सुटी झाली तरी सभेसाठी ती आठच्या गाडीपर्यंत थांबायची. त्या खोट्या खुर्चीवर तिचा खरा जीव होता.

*

मग प्रांतांची घटना सुधारायची टूम निघाली. पुण्याच्या एका शहाण्याचं म्हणणं, प्रत्येक प्रांताला आणखी एक वरचं सभागृह पाहिजे. अनुभवी लोकांचं.

मी म्हटलं, "मंदा, लिही. आमच्या घरात पण वर माळा आहे. त्यावर आमी फुटकी भांडी ठेवतो."

"बाळाराम, ही काय भाषा झाली?" गुरुजी ओरडले. तोवर मंदानं धाडून दिलं होतं.

पुण्याहून उत्तर आलं, "मुद्दा ग्राह्य."

*

राज्यपाल निवडावा का नेमावा, यावर चार दिवस काथ्याकूट चालला. मी लिहायला सांगितलं, "राज्यपाल जावयासारखा. बाहेरनं आणावा, मान द्यावा, पण घरजावई करू नये."

नागपूरच्या एका वकिलाला ते फार आवडलं. त्यानं विचारलं, "माननीय सदस्यांचा अभ्यास कोणत्या विषयात?"

मी म्हटलं, "लिही, चौथीचा. तीन वर्षं, सखोल!"

*

एकदा राज्यपालाला जादा अधिकार देणारं कलम आलं. गुरुजी विरोधात भाषण लिहीत होते. 'आम्ही हे सहन करणार नाही' एवढं गेलं आणि फट्कन लोडशेडिंग! आमचा अख्खा प्रांत एकाच गाळ्यात, त्यामुळं सगळेच एकदम गायब.

दुसऱ्या दिवशी उघडून बघतो तर तिकडं बोंब उठलेली. डोंगरपट्ट्यानं सभात्याग केला म्हणून! राज्यपालानं घाबरून कलम मागं घेतलेलं.

"खरं काय ते कळवलं पाहिजे," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, जन्मात पहिल्यांदा वीजवाले आपल्या उपयोगी पडले. गप बसा!"

*

पण तीच लाइट नंतर आमच्या मुळावर आली. सभा कधी वेळेवर भरेना. त्यात नवा नियम निघाला, प्रत्येक सभेला निदान चार आमदार पाहिजेत. आमी तीनच. प्रकाश म्हणाला, "मी नाय. मी दुकान चालवू का राज्य?"

त्या दिवशी बाजार होता. मंदाची सासू ठमाबाई सुकट विकून सुनेसोबत घरी जायला टोपली घेऊन दारात बसलेली. मी विचारलं, "ठमाबाय, आमदार होता का?"

"काय करायला लागतं?"

"बसायचं आणि हात वर करायचा."

"एवढंच? ग्रामपंचायतीत पाच वर्षं मी दुसरं काय केलं?"

झाली आमदार. मंदाचा चेहरा मात्र उतरला. आता इथंही सासू!

*

आणि पुढच्याच बाजाराला घटनादुरुस्ती आली. जी सभा वेळेवर भरत नाय ती मोडावी, मुख्यमंत्री घरी, कारभार राज्यपालाकडं. मात्र त्या प्रांताच्या आमदारांचं बहुमत पाहिजे. आणि जिची खुर्ची जाणार, तिला मत नाय, बोलायला पण मनाई.

मी म्हटलं, "सभा राहिली पाहिजे."

गुरुजी डोळे पुसत म्हणाले, "मोडावी. आपण वेळ पाळत नाही. नियम तो नियम."

"गुरुजी, तुमी मेल्यावर सुद्धा यमाला हजेरीपट मागाल!"

एकास एक. आता सगळं ठमाबाईवर. मंदा कीबोर्डवर हात ठेवून खाली मान घालून बसलेली. सासूनं कधी तिच्या बाजूनं ब्र काढला होता, जो आज काढील?

ठमाबाईनं टोपली खाली ठेवली. "ही सभा मोडली तर मंदा घरी कदी येल?"

"सहाच्या गाडीनं," प्रकाश म्हणाला.

"आणि ठेवली तर?"

"आठच्या. आता येते तशीच."

मी म्हटलं, गेलं राज्य! मंदानं डोळे मिटले.

ठमाबाईनं हात वर केला. "ऱ्हाऊ दे तुमची सभा."

"का हो?" गुरुजींना राहवेना.

"ती घरात शिरली का मला सासू व्हावं लागतं. आठपर्यंत तेवढाच आराम!"